पाचातल्या दोन

१२ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार. डॉक्टरबाईंनी वाकायला मनाई केली आहे, तेव्हा नमस्कार कागदावरच घे.

सात वर्षांनी माझं अक्षर दिसल्यावर तुझ्या मनात पहिलं काय आलं असेल ते मला ठाऊक आहे: 'याला काहीतरी हवंय.' नको. फक्त एक बातमी द्यायची आहे, दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत. मला नोव्हेंबरात हृदयविकाराचा झटका आला. घाबरू नकोस, येऊन गेला.

झालं असं, की दवाखान्यात भरती करताना टेबलापलीकडच्या कारकुनाने विचारलं, "जवळचं नातेवाईक कोण?" मी म्हटलं, "कोणी नाही." तो म्हणाला, "असं चालत नाही. हा रकाना भरल्याशिवाय संगणक पुढे सरकत नाही." छातीत कळा येत असताना माणूस संगणकाशी किती वाद घालणार? तुझं नाव सांगितलं. पत्ताही तोंडपाठ निघाला. आता म्हणे ते लोक नातेवाइकांना पत्र धाडतात, 'आपल्या रुग्णाची काळजी अशी घ्या' म्हणून. ते हातात पडून तू दचकू नयेस, म्हणून हे आधी.

अजून त्याच नाटक कंपनीत आहे. डाव्या विंगेत स्टूल, पुढे छोटा दिवा, मांडीवर नाटकाची वही. नट अडखळला की पुढचं वाक्य कुजबुजायचं. चौतीस वर्षं झाली. त्या दिवशी दुपारी दुसऱ्या अंकाची तालीम चालली होती. माझा जबडा दुखायला लागला. वाटलं, दाढ असेल. आमचे महाराज (म्हणजे राजाच्या भूमिका करणारे, गेली वीस वर्षं त्यांना घरीही महाराजच म्हणतात) नेहमीप्रमाणे एका वाक्यावर अडकले आणि माझ्याकडे कान करून उभे राहिले. वाक्य गेलंच नाही. महाराज म्हणाले, "पोपटराव, पुढचं?" तरी नाही. चौतीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं, त्यामुळे सगळ्यांना लगेच कळलं की काहीतरी भयंकर घडलंय.

छातीत एक स्प्रिंग बसवली आहे. पाच गोळ्या दिल्या आहेत. सात खणांचा डबा आणलाय आणि सगळ्या गोळ्या वेळच्या वेळी घेतो. काळजीचं कारण नाही.

त्या दिवशी बाबांच्या खोलीत तू जे बोललीस ते मी विसरलो आहे.

तुझा,
पोपट

ता. क. विसरलो असतो तर वरचं वाक्य लिहिलंच नसतं, हे तू म्हणशीलच. म्हणू नकोस.


३ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. सात वर्षांनंतर एकूण नऊ शब्द: 'पाचही गोळ्यांची नावं लिही. कुठली केव्हा घेतोस तेही लिही.' (मोजून बघ. दहा असतील तर दहा.) ना 'प्रिय', ना 'कसा आहेस'. औषधांचं दुकान बंद केलंस असं कानावर आलं होतं, पण गल्ल्यामागची बाई अजून तिथेच उभी आहे म्हणायची.

तर ऐक. मला अख्खी नाटकं पाठ आहेत, पण या गोळ्यांची नावं जिभेवर वळत नाहीत. मी त्यांना पात्रांसारखं ओळखतो. एक रक्त पातळ ठेवणारी, तिला चुकवलं तर स्प्रिंग बुजेल असा डॉक्टरबाईंनी दम दिला आहे. दुसरी नाडी हळू करणारी. तिसरी रक्तदाबाची. चौथी पाण्याची, म्हणजे अंगात पाणी साचू न देणारी. पाचवी चरबीची. चार सकाळी, चरबीची रात्री. झालं समाधान?

तब्येत उत्तम आहे. जिना चढतो, भाजी आणतो. फक्त जरा खोकला झालाय. कोरडा, घशात कोणीतरी पीस फिरवावं तसा. हवेमुळे असेल.

त्या खोकल्याने मात्र मजा उडवली. एप्रिलमध्ये नवीन नाटक येतंय, तीन अंकी, त्यात राणी मरते. परवा तालमीत राणी मरून पडली होती, महाराज तिच्या उशाशी गुडघे टेकून बसले होते, सगळीकडे शांतता. आमच्या दिग्दर्शकबाईंना ती शांतता फार प्रिय आहे, तिला त्यांनी मोजून वीस सेकंद दिले आहेत. सातव्या सेकंदाला मी खोकलो. महाराजांना वाटलं मी वाक्य देतोय. ते हळूच म्हणाले, "काय?" मी पुन्हा खोकलो. ते म्हणाले, "ऐकू येत नाही, नीट सांगा." एवढ्यात मेलेली राणी पोट धरून हसायला लागली आणि हसता हसता पलंगावरून खाली पडली.

दिग्दर्शकबाई हसल्या नाहीत. तालीम संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोपटराव, तुमच्याबद्दल आदर आहे. पण पहिल्या प्रयोगाला खोकला घरी ठेवून या, नाहीतर तुम्ही तरी घरी राहा." हसून म्हणाल्या. पण ताई, त्यांनी एक तरणी मुलगी आणून माझ्या शेजारी बसवली आहे, 'शिकायला'. मुलगी गुणी आहे. म्हणूनच झोप उडाली.

असो. सुंठीचा तुकडा तोंडात धरतोय. जाईल.

पोपट


१ मार्च

ताई,

आनंदाची बातमी! खोकला गेला. आपोआप. आम्ही बारा दिवस दौऱ्यावर होतो, दहाव्या दिवशी लक्षात आलं की सकाळपासून एकदाही खोकलो नाही. परत आल्यावर राणी वीस सेकंद बिनबोभाट मेली. दिग्दर्शकबाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. आता मला अगदी पंचविशीतल्यासारखं वाटतंय.

पोपट


९ मार्च

ताई,

तुझं कार्ड परवा आलं. 'खोकला आपोआप जात नाही. कुठली गोळी बंद केलीस?'

दोन दिवस मी रागात होतो. तुला वाटतं तरी काय, मी लहान मूल आहे? एकसष्ट वर्षांचा माणूस आहे, मनात आलं. मग चहा करून घेतला आणि पुन्हा मनात आलं, चोराच्या मनात चांदणं.

रक्तदाबाची. दौऱ्यावर निघताना ती पट्टी खिडकीत राहून गेली. मुद्दाम नाही गं, खरंच राहिली. पण खोकला थांबला आणि मला कळलं की तो हवेचा नव्हता, तिचा होता. परत आल्यावर पट्टी खिडकीतच होती. माझ्याकडे बघत होती. मी पडदा ओढला.

आता विचारलंच आहेस तर सगळंच सांगतो. पाण्याची गोळीसुद्धा तालमीच्या दिवशी घेत नाही. ती घेतली की दर अर्ध्या तासाने उठावं लागतं. आमच्या नाट्यगृहात विंगेतून मोरीकडे जायचं तर जिना उतरून, सेटच्या सामानाला वळसा घालून, सुतारांच्या खोलीतून जावं लागतं. तेवढ्यात महाराज तीनदा अडकतात. आणि तालीम रोज असते. म्हणजे ती रोजच घेत नाही.

आणि चरबीची. तिच्या खोक्यातला तो घडीचा कागद मी वाचला. ताई, तो कागद लिहिणाऱ्याला नाटकं लिहायला बसवलं पाहिजे, प्रेक्षक खुर्चीत थरथरतील. स्नायू दुखणं, यकृत बिघडणं, विसर पडणं. विसर! मी प्रॉम्प्टर आहे. माझ्याकडे आहे काय दुसरं? त्याच आठवड्यात मला एका वाक्यावर थबकायला झालं, आणि मी ती गोळी खाली ठेवली ती ठेवलीच.

तर हिशेब असा: पाचातल्या दोन घेतो. चाळीस टक्के. शाळेत पस्तीसला पास होत होतो, तुला आठवत असेल.

आता हसू नकोस. मागच्या आठवड्यात तपासणीला गेलो. डॉक्टरबाईंनी रक्तदाब घेतला, कपाळाला आठी. "रक्तदाबाची गोळी घेता ना?" मी म्हटलं, "हो." तोंडातून असं सहज गेलं, जसं महाराजांना वाक्य देतो. त्या म्हणाल्या, "मग हा डोस पुरत नाही तुम्हाला. उद्यापासून एकाऐवजी दोन." तेव्हा सध्या मी एकाऐवजी दोन गोळ्या घेत नाही.

पण ताई, मला बरं वाटतंय. खरंच. बरं वाटणाऱ्या माणसाने कशासाठी रोज सकाळी खोकत, पळत, घाबरत बसायचं? आजारी होतो तेव्हा गोळ्यांनी बरा झालो, मान्य. गरज सरो, वैद्य मरो, असं मी म्हणत नाही. पण डबा उघडला की त्या सात खणांतून रोज कोणीतरी सांगतं, 'तू पेशंट आहेस.' बंद ठेवला की मी प्रॉम्प्टर असतो.

रागाव. सवय आहे.

पोपट


१९ मार्च

ताई,

तू रागावली नाहीस. चार ओळी लिहिल्यास, आणि शेवटची: 'बाबांचंही असंच होतं का?'

याचं उत्तर सात वर्षं माझ्या तोंडात आहे. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो. आता ऐक.

बाबा गेल्यावर तू त्यांचे कपडे आवरताना दारामागच्या जुन्या कोटाच्या खिशात गोळ्या सापडल्या. तू मूठ उघडून दाखवलीस आणि विचारलंस, "तुला माहीत होतं?" मी म्हटलं, "नाही." तू म्हणालीस, "रोज त्यांच्या उशाशी होतास आणि तुला दिसलं नाही? तुझ्यासारखा लेक असण्यापेक्षा नसलेला बरा." आणि बॅग उचलून निघालीस.

माहीत होतं, ताई. तीन महिने आधीपासून. मी किल्ली शोधत होतो, खिशात हात घातला तर अकरा गोळ्या. बाबा पलंगावरून बघत होते. पकडले गेल्यावर ते कसे दिसायचे ते तुला माहीत नाही, कारण ते कधी पकडलेच गेले नव्हते. म्हणाले, "पोपट, बस इथे." मी बसलो. म्हणाले, "चाळीस वर्षं बंदरात क्रेन चालवली. शंभर फुटांवर, वाऱ्यात. एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली नाही. आता ही गोळी घेऊन पलंगावरून पाय खाली टेकवतो आणि गरगरतं. परवा मोरीत पडलो. तू तालमीला होतास, उठायला मला पाऊण तास लागला. हे कोणाला सांगायचं?"

मी म्हटलं, "डॉक्टरांना सांगू या." ते म्हणाले, "डॉक्टर ताईला सांगतील. आणि ताईपुढे मला मोरीत पडलेला माणूस व्हायचं नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. मला वाटलं, मी त्यांची बाजू घेतोय. पुढचे तीन महिने ते मजेत होते, गच्चीत उभे राहून शेजाऱ्यांच्या घराचं बांधकाम चुकतंय म्हणून ओरडायचे. मग एका सकाळी उठलेच नाहीत.

त्या गोळ्यांनी वाचले असते की नाही, मला माहीत नाही. तुला कदाचित माहीत असेल. विचारायची हिंमत नव्हती. 'नाही' म्हणालो ते तुझ्या भीतीने नव्हे; 'हो' म्हटलं असतं तर ते मलाच ऐकू आलं असतं.

आता तू पुन्हा सात वर्षं लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन. पण फार वेळ लावू नकोस, मी चाळीस टक्क्यांवर आहे.

पोपट


८ एप्रिल

ताई,

एवढं घडलं आहे की कुठून सांगू! आधी हे सांगतो, की मी ठणठणीत आहे आणि हे पत्र घरी, खुर्चीत, पाय स्टुलावर ठेवून लिहितोय.

पाय का स्टुलावर, ते ऐक. सोमवारी रंगीत तालीम होती. सगळे पोशाखात. आमच्या कपडेपटाच्या मावशींना कंपनीतल्या प्रत्येकाचं माप डोळ्यांनी कळतं. कोणाचं लग्न मोडलं, कोण चोरून खातंय, हे त्यांना कमरेवरून आधी समजतं. मी जिना चढून आलो, तर पाच पायऱ्यांतच थांबावं लागलं. मावशी वरून बघत होत्या. म्हणाल्या, "पोपटराव, बुटाच्या नाड्या का सोडल्यात?" मी म्हटलं, "उकडतंय." त्या खाली उतरल्या, माझ्या पायाशी बसल्या आणि घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच. "उकडल्याने पाय दोन नंबर वाढत नाहीत," त्या म्हणाल्या. "चला."

"मावशी, तालीम!"

"ती मुलगी आहे ना शिकायला बसलेली? मग आज परीक्षा देऊ दे."

आणि मावशींनी मला टॅक्सीत घातलं. तोंडात टाचण्या तशाच. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर एकेक काढून पदराला लावल्या.

आता तुझ्या पत्राबद्दल. ते शनिवारी आलं होतं आणि सोमवारी माझ्या खिशात होतं. त्यातली बाबांबद्दलची ओळ मी इतक्यांदा वाचली आहे की पाठ झाली: 'मोरीत पडायच्या आधी त्यांनी मला फोन केला होता. म्हणाले, गोळीने गरगरतं. मी गल्ल्यावर होते, समोर गिऱ्हाइकं. म्हटलं, बाबा, कारणं सांगू नका, गिळा. त्यानंतर त्यांनी मला काही सांगितलं नाही.'

ताई, म्हणजे कोटातल्या गोळ्या सापडल्या तेव्हा तुला कळलं होतं, की ते तुझ्यापासून का लपवत होते. आणि मी समजत होतो तू माझ्यावर रागावलीस. बाकावर बसून मी रडलो. मावशींना वाटलं छातीत दुखतंय, त्यांनी नर्सच्या नावाने अशी हाक मारली की महाराजांना तरी जमेल का. त्यामुळे नंबर मात्र लगेच लागला.

डॉक्टरबाईंनी पाय पाहिले, छाती ऐकली. "गोळ्या घेता ना?"

ताई, चौतीस वर्षं दुसऱ्यांना वाक्यं पुरवली, आणि स्वतःचं एक सापडेना. 'हो' मात्र ओठांवर तयार. तेव्हा तू पत्रासोबत पाठवलेला तो दुसरा कागद काढला. वर तू लिहिलं आहेस, 'हे डॉक्टरसमोर मोठ्याने वाच. स्वतःची वाक्यं घालू नकोस.' उभा राहिलो आणि वाचलं:

"डॉक्टर, मी पाचातल्या दोनच गोळ्या घेतो. रक्तदाबाच्या गोळीने मला खोकला होतो, आणि माझं काम कुजबुजण्याचं आहे. पाण्याच्या गोळीने सारखं उठावं लागतं, आणि माझं काम बसण्याचं आहे. चरबीच्या गोळीची मला भीती वाटते. हे मी आधी सांगितलं नाही, कारण मला लाज वाटली. आता काय करता येईल?"

एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मावशींनी टाळी वाजवली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता तोफ डागतात. त्या म्हणाल्या, "खोकला? अहो, त्या गोळीने पुष्कळांना होतो. तिला भावंड आहे, खोकला न आणणारी. बदलून देते." एवढंच! पाण्याच्या गोळीचं विचारलं, "तालीम किती वाजता?" म्हटलं, अकराला. "मग उठल्या उठल्या सहाला घ्या, दहापर्यंत तिचं काम आटपतं." चरबीच्या गोळीसाठी म्हणाल्या, रक्त तपासू, यकृत बघू, दुखलं तर डोस कमी करू, पण वाक्य विसरलात ते एकसष्टाव्या वर्षी मीही विसरेन. ताई, जे मी दोन महिने पडद्याआड लपवलं ते दहा मिनिटांत सुटलं. मला माझाच इतका राग आला की हसू आलं.

मग त्या म्हणाल्या, "चूक माझीही आहे. बाहेर चाळीस लोक बसलेले असतात, म्हणून मी विचारते 'घेता ना?' त्याला उत्तर 'हो'च येतं. आणि मी तर तुमचा डोस दुप्पट करून बसले होते! तुम्ही एक दिवस ऐकून दोन घेतल्या असत्यात तर?" मग तुझा कागद हातात घेतला. "हे कोणी लिहिलं?"

"ताईने. तीस वर्षं तिचं औषधांचं दुकान होतं."

"मग या कागदाची मला प्रत द्या. भिंतीवर लावते."

तेव्हा तू आता भिंतीवर आहेस.

तीन दिवस दवाखान्यात ठेवून पाण्याचा निचरा केला. पाय माझ्या बुटात मावतायत. रकान्यातलं तुझं नाव कारकुनाने पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी मी वाद घातला नाही.

तुझा,
पोपट


२ मे

ताई,

पहिला प्रयोग झाला! मी होतो. शेजारी ती मुलगी, कारण परीक्षेत ती पास झाली होती आणि तिला घालवायला माझंच मन होईना. आता वही दोघांच्या मांडीवर असते. राणी मेली, वीस सेकंद टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, मी श्वास धरून बसलेला. खोकला नाही. पण मग सज्ज्यातून एक प्रेक्षक खोकला आणि महाराज त्याला म्हणाले, "काय?" लोकांना वाटलं नाटकातलंच आहे. हुंदके आले म्हणे काहींना.

पाचही गोळ्या घेतोय. खोटं वाटत असेल तर मावशींना विचार, त्या पट्ट्या तपासतात.

आता तुझ्या कालच्या पत्राकडे येतो. तू लिहितेस: 'तुझ्या डॉक्टरबाई बऱ्या दिसतात. त्यांना विचार, रक्तदाबाची गोळी कोणी आठ महिने बंद ठेवली असेल तर पुन्हा सुरू कशी करायची. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांच्यासाठी हवंय.'

ताई, या बाई कशा दिसतात गं? चष्मा नाकाच्या टोकावर असतो का? कार्डावर 'प्रिय' न लिहिता थेट आज्ञा करतात का? तीस वर्षं लोकांना 'कारणं सांगू नका, गिळा' म्हणून झाल्यावर, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं तर त्यांचं झालं नाही ना?

पत्र वाचून मी आधी पोटभर हसलो. मग मनासारखा शेराही लिहायला घेतला होता, अर्धं पान भरलं, चांगला जमलाही होता. तो फाडला.

डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बाईंनी आपल्या मनाने काही सुरू करू नये, आधी कोणाकडून तरी रक्तदाब मोजून घ्यावा, याच आठवड्यात. तो निरोप त्यांना दे. मीही शनिवारी सकाळच्या गाडीने तिकडे येतोय, दोन दिवसांसाठी, मुलगी विंग सांभाळेल. आपण तिघं मिळून जाऊ, म्हणजे तू, मी आणि त्या बाई.

पण त्याआधी त्यांना माझा एक प्रश्न विचार. मी रागावणार नाही, कोणाला सांगणारही नाही, आणि घाईत नाही. ती गोळी घेतल्यावर त्यांना नेमकं काय होतं?

सविस्तर लिहायला सांग.

पोपट